एकट्याने बँकॉक: खेड्यातून निघणाऱ्यासाठी पहिल्या चार दिवसांचा आराखडा

दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी या पट्ट्यातल्या पुष्कळ पोरापोरींच्या कपाटात आता पासपोर्ट आहे. कुणी पुण्यात नोकरीला आहे, कुणी गावातच कृषी केंद्र चालवतंय, कुणी दोन परीक्षांच्या मधे अडकलंय. विचारतात ते एकच: "दादा, बँकॉकले एकट्यानं गेलं तं जमते का?"

जमते. फक्त पाहायच्या ठिकाणांची यादी घेऊन निघू नका. चार दिवसांत वीस ठिकाणं उरकायला गेलेला माणूस चौथ्या दिवशीही टॅक्सीवाल्याच्या भरवशावरच असतो. त्यापेक्षा मेट्रोची एकच लाईन धरा, तिच्यावरच्या एका स्टेशनजवळ राहा आणि पहिले चार दिवस त्याच लाईनवर खालीवर करा. बँकॉकमध्ये ती लाईन म्हणजे एमआरटीची, म्हणजे तिथल्या मेट्रोची, निळी लाईन. या लेखातला सगळा आराखडा तिच्यावरच बेतलेला आहे.

एकट्याच्या पहिल्या परदेशवारीसाठी बँकॉकच का? फार महाग नाही, वाहनं डावीकडूनच चालतात, ताटात भात असतो, आणि वेळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास पुढे. चौकात बँकॉकचं नाव काढलं की पारावरचे लोक डोळे मिचकावतात. मिचकावू द्या. सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचे विहार, नदी, बाजार आणि रेल्वे यांच्यासाठी जाणारेही पुष्कळ असतात.

कागदपत्रं: खरी अडचण इथेच

पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरायचा. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. नागपूरला जायलाच पाहिजे असं नाही. बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी पोस्ट ऑफिसात पासपोर्ट सेवा केंद्र असतं, अर्ज भरताना जवळचं निवडा. आपल्याकडे गाडी अडते ती नावात. आधारवर एक स्पेलिंग, टीसीवर दुसरं, बँकेत वडिलांचं नाव तिसऱ्याच तऱ्हेने. अर्ज करण्याआधी हे सगळं एका रांगेत आणा, नाहीतर पोलीस पडताळणीपर्यंत जाऊन फाईल परत येते.

दहावीचं प्रमाणपत्र जोडायला विसरू नका. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा पडतो. त्याचा अर्थ, ठरावीक देशांत कामासाठी जायचं असेल तर आधी सरकारची परवानगी लागते, आणि त्या देशांच्या यादीत थायलंड आहे. फिरायला जाणाऱ्याला ती अट नाही, पण शेरा असला की विमानतळावर चार प्रश्न जास्त विचारतात. दहावी पास असाल तर हा शेरा टाळता येतो.

व्हिसाचं म्हणाल तर १५ जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टवर थायलंडमध्ये ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश सुरू झाला. असे नियम मधेच बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्या. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. शिवाय १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला 'थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड' भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, आणि ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी दुसरी संकेतस्थळं शोधात वरवर दिसतात. ज्या पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट टीएच' आहे तीच सरकारी.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण ती आपल्याच भागातल्या पोरांच्या कामाची आहे. कुणी फुकट तिकीट देऊन "बँकॉकले डेटा एन्ट्रीची नोकरी आहे, पन्नास-साठ हजार मिळते" म्हणत असेल तर जाऊ नका. अशा पोरांना बँकॉकहून गाडीत घालून म्यानमारच्या सीमेवर माए सोतकडे नेतात आणि पलीकडच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबतात. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून जास्त भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी परत आणावं लागलं. एकट्या तरुणाला मुंबई-कोलकात्याच्या इमिग्रेशनवर अधिकारी खोदून विचारतात त्यामागे हेही एक कारण आहे. रागावू नका. परतीचं तिकीट, मुक्कामाचं बुकिंग, नोकरीचं ओळखपत्र किंवा सातबारा, जे असेल ते छापील ठेवा आणि सरळ उत्तर द्या: फिरायला चाललो, अमुक तारखेला परत.

कधी जायचं

बँकॉकचा बरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शेती असणाऱ्याला नोव्हेंबर-डिसेंबर अवघड, सोयाबीनचा हिशोब लागलेला नसतो आणि कापसाची वेचणी चालू असते. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा, हरभरा काढणीला यायच्या आत, हा आपल्यासाठी सगळ्यात सोयीचा. मे ते ऑक्टोबर तिथे पाऊस. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष. शहरभर पाण्याची धुळवड असते, मजा येते, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने तो गोंधळ टाळलेला बरा.

"आमी पंचेचाळीस डिग्रीतले, आमाले काय ऊन लागते!" असं चंद्रपूर-वर्ध्याचा माणूस म्हणणारच. आकडा तिथे आपल्यापेक्षा कमी असतो हे खरं, पण हवा दमट. घाम वाळतच नाही. भर दुपारी दोन तास चाललं की पाय जड होतात. म्हणून खालच्या सगळ्या दिवसांत बारा ते तीन मोकळे सोडले आहेत.

पैसा

एक बाट म्हणजे अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान. हिशोबासाठी तीनने गुणा, खर्च कमीच निघेल. हॉस्टेलच्या डॉर्ममधली, म्हणजे सामायिक खोलीतली, खाट साधारण ३५० ते ५०० बाट, तीन वेळचं साधं खाणं २०० ते ३०० बाट, लोकलचा प्रवास १०० ते १५० बाट. प्रवेशाची मोठी तिकिटं सोडली तर हजार बाटात दिवस निघतो.

रुपयाच्या नोटा नेऊन तिथे बदलू नका, दर मार बसणारा मिळतो. नागपुरातून थोडे डॉलर आणि एक फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन भरलेलं कार्ड, घ्या. तिथल्या एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढले की दर वेळी साधारण २२० बाट शुल्क कापतात, म्हणून थोडेथोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा. जिल्हा बँकेचं साधं रुपे कार्ड किंवा आपलं यूपीआय तिथे चालेल असं धरून जाऊ नका. बँकेच्या ॲपमधून कार्डाचा परदेशी वापर घरूनच चालू करा आणि आपल्या सिमवर रोमिंग चालू ठेवा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येणार. इमिग्रेशनवर क्वचित पैसे दाखवायला सांगतात. २०,००० बाटाइतकं चलन हातात असलं की प्रश्न उरत नाही.

नागपुरात एक दिवसाची तालीम

ही पायरी लोक हसण्यावारी नेतात, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. गावातून थेट विमानतळ गाठण्याऐवजी जायच्या महिनाभर आधी एक दिवस नागपूर मेट्रोत घाला. मशीनवर तिकीट काढा, गेटवर टॅप करा, सीताबर्डीला उतरून नारिंगी लाईनवरून ॲक्वा लाईनवर चढा, उलट्या दिशेची गाडी मुद्दाम पकडा आणि परत या. पाठीवर भरलेली बॅग असू द्या. सरकता जिना, बॅगेचं स्कॅनिंग, फलकावर शेवटच्या स्टेशनचं नाव पाहून दिशा ओळखणं, हे सगळं बँकॉकमध्ये जसंच्या तसं आहे. फरक इतकाच की तिथे चुकलं तर विचारायला मराठी माणूस नसतो.

तालमीत बॅगही तोलून घ्या. स्वस्त विमान कंपन्या हातातल्या सामानाला साधारण ७ किलोची मर्यादा घालतात आणि काट्यावर ठेवून पाहतात. तीन टी-शर्ट, गुडघ्याखाली जाणाऱ्या दोन पँट, पातळ टॉवेल, स्लीपर, छोटं कुलूप, रोजची औषधं. चिवडा-शेव चालेल. ठेचा आणि लोणचं हातातल्या बॅगेत नेलं तर सुरक्षा तपासणीत टोपलीत जातं. मोबाईलचा दोन पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटात बसतो, तीन पिनांचा मोठा प्लग बसत नाही.

निघताना

बँकॉकची विमानं मुंबई, कोलकाता, हैदराबाद, दिल्लीहून मिळतात. यवतमाळ-वर्ध्याकडच्यांना धामणगाव किंवा वर्ध्याहून मुंबईची गाडी सोपी. गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाने कोलकात्याचंही भाडं पाहावं, हावड्याच्या गाड्या दारावरून जातात. गडचिरोली-चंद्रपूरकडून बल्लारशाहमार्गे हैदराबाद. कुठूनही जा, रेल्वे आणि विमान यांच्यात किमान अर्धा दिवस मोकळा ठेवा. गाडी चार तास लेट झाली म्हणून विमान थांबत नाही.

तिकीट काढताना दोन गोष्टी पाहा. उतरण्याची वेळ सकाळची असावी, आणि विमानतळ कोणता ते. बँकॉकला दोन आहेत: सुवर्णभूमी, तिकिटावर 'बीकेके', आणि डॉन मुआंग, 'डीएमके'. पुष्कळ स्वस्त विमानं दुसऱ्यावर उतरतात.

उतरल्यावरचे पहिले दोन तास

विमानातून बाहेर पडलं की गर्दीबरोबर इमिग्रेशनच्या रांगेत लागा. फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, पासपोर्टवर शिक्का मारतात. खिडकीवरून हलण्याआधी शिक्क्यावरची 'पर्यंत'ची तारीख वाचा. चूक असेल तर तिथेच दोन मिनिटांत दुरुस्त होते, नंतर नाही.

बाहेर आल्यावर सिम घ्या. काउंटरवरचा माणूसच फोनमध्ये बसवून चालू करून देतो, समोर नेट चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सुवर्णभूमीवर पैसे बदलायचे काउंटर वरही आहेत आणि तळघरात रेल्वेच्या दाराजवळही आहेत. तळघरातला दर बरा असतो, तिथेच बदला.

आता शहरात जायचं. 'टॅक्सी, टॅक्सी' करत अंगावर येणाऱ्यांकडे पाहू नका. सुवर्णभूमीच्या तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक सुटते, भाडं जास्तीत जास्त ४५ बाट. मक्कासान स्टेशनला उतरा, जोडपुलावरून चार-पाच मिनिटं चाला, समोर निळ्या लाईनचं फेत्चाबुरी स्टेशन. तिथून हुआ लाम्फोंग. डॉन मुआंगवर उतरलात तर विमानतळाला लागूनच लाल लाईनचं स्टेशन आहे. तिने क्रुंग थेप अफिवात या मोठ्या स्टेशनला या, तिथे बांग सू नावाने निळी लाईन मिळते, आणि पुन्हा हुआ लाम्फोंग. निळ्या लाईनवर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटला टेकवलं तरी चालतं. नसेल तर मशीनमधून काळी प्लास्टिकची गोल टोकन घ्या, आत शिरताना टेकवायची, बाहेर पडताना फटीत टाकायची.

रात्री उशिरा उतरणारच असाल तर मीटर टॅक्सी घ्या. सुवर्णभूमीवर खाली रांगेत मशीनमधून चिठ्ठी निघते, तिच्यावरच्या नंबरच्या गाडीत बसायचं. मीटरशिवाय विमानतळाचे ५० बाट आणि वाटेतला टोल वेगळा द्यायचा असतो. त्याला लूट समजून भांडू नका.

मुक्काम कुठे

बॅगवाल्यांची पंढरी म्हणजे खाओ सान रोड असं सगळे सांगतात. मी पहिल्या चार दिवसांसाठी ते सांगणार नाही. रात्री दोनपर्यंत गाणी चालतात, दर पाचव्या माणसाला काहीतरी विकायचं असतं, आणि मुख्य म्हणजे तिथे मेट्रो नाही. हुआ लाम्फोंग किंवा त्याच्या पुढचं साम यान, या स्टेशनांपासून चालत दहा मिनिटांच्या आत हॉस्टेल घ्या. आधी दोनच रात्रींचं बुकिंग करा. जागा पटली तर तिथेच वाढवा, नाही पटली तर सुटका.

डॉर्म म्हणजे एका खोलीत सहा-आठ खाटा, पडदा, दिवा, लॉकर. कुलूप आपलं लावायचं. खोली दुपारी दोनच्या सुमारास मिळते, पण बॅग सकाळपासून ठेवून घेतात. हॉस्टेलचा पत्ता थाई लिपीत छापलेलं कार्ड काउंटरवरून मागून घ्या आणि पाकिटात ठेवा. फोन बंद पडला की हेच कार्ड कामी येतं.

पोरींनी फक्त मुलींची डॉर्म घ्यावी. तशी पुष्कळ मिळतात, दर तोच. रात्री नऊलाही रस्त्यावर बायका एकट्या जेवताना, सामान नेताना दिसतात, आपल्या तालुक्याच्या बसस्टँडपेक्षा धडधड कमी होते. काळजी मुख्यतः घरच्यांची. त्यांना हॉस्टेलचं नाव, विमानाचा नंबर आणि फोनची ठरलेली वेळ लिहून द्या. गावात संध्याकाळचे सात म्हणजे तिथे साडेआठ, जेवून खोलीवर यायची वेळ. रोज त्याच वेळी फोन गेला की दुसऱ्या दिवसापासून आईचा आवाज बदलतो.

पोहोचल्याच्या दिवशी काही पाहायचं नाही. आंघोळ, झोप, आणि ऊन उतरल्यावर हॉस्टेलभोवती चार गल्ल्या. सेव्हन-इलेव्हन नावाचं दुकान कुठे, पाणी भरायचं मशीन कुठे, स्टेशनचं कोणतं दार जवळ, सकाळी नाश्त्याची गाडी कुठे लागते. नळाचं पाणी पिऊ नका. गल्लोगल्ली मशीन असतात, बाट-दोन बाटात लिटरभर पाणी मिळतं. स्टेशनवर किंवा बागेत सकाळी आठला किंवा संध्याकाळी सहाला अचानक सगळे जागच्या जागी थांबले तर तुम्हीही थांबा, राष्ट्रगीत चालू असतं.

दुसरा दिवस: नदी

हुआ लाम्फोंगहून निळ्या लाईनने तिसरं स्टेशन सनाम चाय. तिथून वात फो हा विहार चालत पाच-सात मिनिटं. सकाळी आठला उघडतं, आठलाच पोहोचा, दहानंतर मोठ्या गाड्यांतून गट उतरायला लागतात. तिकीट ३०० बाट. आत ४६ मीटर लांबीची पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती आहे, तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ मंगलचिन्हं. मूर्तीच्या पाठीमागे भिंतीलगत १०८ कांस्यपात्रं मांडलेली, लोक चालत चालत एकेकात नाणं टाकतात, त्याचा टणटण आवाज पूर्ण विहारात भरून राहतो.

दीक्षाभूमीला दरवर्षी जाणाऱ्या माणसाला इथे आत शिरायला कुणाच्या सांगण्याची गरज नाही. वंदना म्हणणाऱ्यांचे पाली शब्द कानाला ओळखीचे लागतात. बाकीच्यांसाठी: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चप्पल बाहेर, मूर्तीकडे पाय पसरून बसायचं नाही, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. बाईमाणसाने भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, हातात वस्तूही द्यायची नाही. बुद्धमूर्तीच्या खांद्यावर हात ठेवून सेल्फी काढणं तिथे फार वाईट दिसतं. राजघराण्याबद्दलची थट्टा तर कुठेच नको, ना तोंडी, ना फेसबुकवर. त्यासाठी तिथल्या कायद्यात ३ ते १५ वर्षांची कैद आहे.

वात फोच्या मागे था तियन धक्का. तिथून पाच-एक बाटात नाव पलीकडे वात अरुणला नेते, तिकीट २०० बाट, पायऱ्या चढणीच्या. उतरल्यावर नदीतून खाली जाणारी नारिंगी झेंड्याची बोट पकडा, १६ बाट, कुठेही उतरा. धक्क्यावर आधी पर्यटक बोटीचं तिकीट गळ्यात मारायला बघतात, ती महाग. नारिंगी झेंडाच पाहा. साथोर्नला उतरलं की डोक्यावर सफान ताकसिन हे स्कायट्रेनचं, म्हणजे उंचावरून धावणाऱ्या रेल्वेचं, स्टेशन. स्कायट्रेन वेगळ्या कंपनीची, म्हणून तिकीटही वेगळं. साला डेंगला उतरून जोडपुलाने निळ्या लाईनच्या सी लोमला आलात की दोन स्टेशनांवर तुमचं घर. मेट्रो, नाव, बोट, स्कायट्रेन, चारही एकाच सकाळी झालं. दुपारी झोपा.

तिसरा दिवस: राजवाडा, फुलं आणि गुरुद्वारा

ग्रँड पॅलेसचं तिकीट ५०० बाट, म्हणजे सव्वा-दीड हजार रुपये. महाग आहे, पण एकदा द्यावं असं माझं मत. १७८२ साली 'पहिला राम' या थाई राजाने राजधानी इथे आणली तेव्हाचा हा वाडा. आतल्या विहाराच्या ओसरीभर १७८ चौकटींत त्यांचं रामायण, म्हणजे रामकियेन, रंगवलेलं आहे. पांढरा हनुमान प्रत्येक दुसऱ्या चौकटीत. वाड्याजवळ कुणी गोडबोल्या येऊन "आज बंद आहे, पूजा चालू आहे, मी वीस बाटात टुकटुक रिक्षाने दुसरी देवळं दाखवतो" म्हणाला तर हात जोडून पुढे चाला. तो तुम्हाला खड्यांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेणार. बंद आहे की नाही ते दारावरच कळतं, साडेआठला उघडतं आणि तिकीटखिडकी साडेतीनला बंद होते.

तिथून दक्षिणेला पाक ख्लोंग तलात, फुलांचा घाऊक बाजार. चोवीस तास चालतो, पण खरा रंग रात्री आणि पहाटे. झेंडू, ऑर्किड, कमळाच्या कळ्या. ज्याच्या शेतात दसरा-दिवाळीला झेंडू असतो त्याने इथे तासभर घालवावा: झेंडू सुटा, प्लास्टिकच्या पिशवीत, आकाराप्रमाणे निवडून भरलेला असतो, आणि माळा ओवणाऱ्या बायका तिथेच बसलेल्या असतात.

सकाळी लवकर निघालात तर सनाम चायच्या शेजारच्या साम योत स्टेशनजवळ फाहुरात, तिथली भारतीय पेठ. श्री गुरुसिंग सभेचा मोठा गुरुद्वारा तिथेच आहे, सकाळी लंगर असतो. डोकं झाकून, पाय धुऊन जा, जेवल्यावर ताट उचलायला हात लावा. परक्या गावात तिसऱ्या दिवशी वरण-पोळी मिळाली की माणूस सरळ होतो. संध्याकाळी वात मंगकोन स्टेशनला उतरून याओवारात, म्हणजे चिनी पेठ. रस्त्याच्या दोन्ही कडांना चुली लागतात.

खाण्याचं

शाकाहाऱ्याने एकच शब्द पाठ करावा: 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात तो लिहिलेला असतो. तिथे मांस, मासे, अंडी, कांदा-लसूण काहीच नसतं. इतर ठिकाणी नुसतं 'व्हेज' म्हणालात तर भाजी येते, पण तिच्यात माशाचं पाणी, नाम प्ला, घातलेलं असतं. म्हणून 'जे' म्हणा. मांसाहाऱ्यांसाठी: काई म्हणजे कोंबडी, मू म्हणजे डुक्कर, नुआ म्हणजे गोमांस. गाडीवर बोट दाखवण्याआधी हा शब्द विचारून घ्या.

सावजी पचवलेला माणूस तिखटाला भीत नाही. तरी पहिल्या दिवशी "फेत नित नोय", थोडं तिखट, म्हणा. तिथली बारकी मिरची कच्ची कुटून घालतात, तेलाचा तवंग नसतो, झोंबते ती वेगळीच. सेव्हन-इलेव्हनमधल्या पाकिटावर २५६९ असं साल दिसलं तर दचकू नका, ते बुद्धसंवत, आपल्यापेक्षा ५४३ पुढे.

चौथा दिवस: शेतकऱ्याचा बाजार, किंवा अयुथ्या

शनिवार-रविवार असेल तर निळ्या लाईनने उत्तरेला कामफेंग फेत. एका बाजूला चतुचक, हजारो दुकानांचा आठवडी बाजार. तो सगळेच सांगतात. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचा ओर तोर कोर मात्र शेतीच्या माणसाने चुकवू नये. शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पणन संस्थेने चालवलेली ही मंडई रोज भरते. फळ फोडून, सोलून, गर मांडून ठेवलेला. पोमेलो, म्हणजे आपल्या संत्र्याचा थोरला भाऊ, नुसता सालासकट विकत नाहीत. फोडी सोलून डब्यात भरूनही विकतात आणि भाव त्याचाच घेतात. वरुड-मोर्शीच्या बागाईतदाराने तिथे उभं राहून फक्त पॅकिंग पाहावं. खरेदी मात्र चतुचककडे करा, इथले दर चढे.

आठवड्याचा मधला दिवस असेल तर अयुथ्या. १३५१ ते १७६७ एवढा काळ ती राजधानी होती, १९९१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. रेल्वेने सुमारे सत्तर किलोमीटर, तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीस बाटच्या आसपास, उघड्या खिडक्या, डब्यात खायला विकणारे. आपल्या पॅसेंजरमध्ये वाढलेल्या माणसाला ही गाडी फार आवडते. उतरल्यावर स्टेशनसमोर सायकल भाड्याने मिळते. पासपोर्ट गहाण मागितला तर देऊ नका, रोख अनामत द्या.

अडचण आली तर

पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजीत बोलतात. भारतीय दूतावास सुखुमवित रस्त्याच्या २३ नंबरच्या 'सोय'मध्ये, म्हणजे गल्लीत, तोही निळ्या लाईनच्या सुखुमवित स्टेशनपासून चालत जाण्यासारखा. पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि प्रवेशाच्या शिक्क्याची छायाप्रत वेगळी ठेवा, आणि फोटो घरी कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर. प्रवास विमा काढा, चार-पाच दिवसांचे काही शे रुपये होतात, आणि तिथल्या खासगी दवाखान्याचं बिल पाहिलं की कळतं कशाला काढला. ई-सिगारेट थायलंडमध्ये बंदी आहे, नेऊच नका. रात्री हातात यादी घेऊन 'शो' दाखवतो म्हणणाऱ्याच्या मागे वरच्या मजल्यावर गेलात तर दाराशी सांगितलेला भाव आणि बिलाचा आकडा जुळत नाही.

परतताना विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. नाणी बदलून मिळत नाहीत, ती आदल्या रात्रीच खर्चून टाका. आणि कुणी ओळखीचा-बिनओळखीचा "एवढं पार्सल मुंबईले नेऊन देता का" म्हणाला तर नाही म्हणा, चॉकलेटचा डबा असला तरी. बँकॉकहून गांजा आणि जिवंत प्राणी आणताना पकडलेल्यांच्या बातम्या मुंबई कस्टम्सकडून सतत येतात, आणि बॅग ज्याच्या हातात तोच आत जातो. मुंबईहून परतीची गाडी विमानाच्या दुसऱ्या दिवशीची काढा. विमानाला उशीर झाला तरी बर्थ हातची जात नाही.